पांढरा मोरचूद

कॉलेजातली, रसायनं तापवायची प्लॅटिनमची मूस नाहीशी झाल्याचा फोन यवतमाळच्या ठाण्यात सोमवारी सकाळी नऊला आला. साल एकोणीसशे एकसष्ट, महिना ऑगस्ट. पावसानं चार दिवस उसंत दिली नव्हती.

फौजदार भीमसिंग राठोड कॉलेजात पोचले तेव्हा प्राचार्य कपाटाची किल्ली मुठीत धरून रसायनशाळेच्या दारात उभे होते.

"कपाट कोणी उघडलं?"

"यज्ञेश्वर सरांनी, माझ्यासमोर. मुशीची डबी रिकामी निघाली. मी लगेच दार लावलं आणि तुम्हाला कळवलं."

"किल्ल्या किती?"

"दोन. एक विभागप्रमुख म्हणून सरांची, दुसरी लॅब अटेंडंट देवरावची." प्राचार्यांनी आवाज खाली घेतला. "छपन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून फार ताठ चालतो. तुमचा जमादार त्याच्या घरी गेलाच आहे."

राठोडांनी किल्लीसाठी हात पुढे केला. त्यांच्या तांड्यावरच्या माणसांना इंग्रजांच्या काळी जन्मजात गुन्हेगार ठरवून रोज ठाण्यावर हजेरी द्यावी लागे. झडती कशी घेतात, हे त्यांनी लहानपणी उंबऱ्याच्या आतून पाहिलं होतं.

त्यांनी कपाट उघडलं. दार जाड सागवानी, कडेला लोकरीच्या नमद्याची पट्टी लावलेलं, घट्ट बसणारं. आत लाकडी डबी होती आणि खालच्या फळीवर काचेच्या बशीत पिठासारखी पांढरी भुकटी.

दार तसंच उघडं ठेवून त्यांनी यज्ञेश्वर सरांना बोलावलं. पन्नाशीचे, सडपातळ गृहस्थ. बोलताना ते रुमालानं चष्मा पुसत होते.

"मूस शेवटची कधी पाहिलीत?"

"शनिवारी संध्याकाळी. मी स्वतः वजन केलं. वहीत नोंद आहे."

"किती वेळ लागला?"

"तासभर. तराजू शेजारीच आहे."

"तेवढा वेळ कपाट बंद होतं?"

"उघडंच होतं. डबी सारखी आत-बाहेर करावी लागते."

"त्यानंतर इथं कोण आलं?"

"रविवारी देवराव. धनसिंगला विचारा."

चौकीदार धनसिंग दारातच होता. "आलता साहेब. अर्धा घंटा झाडू मारला न् गेला."

"आणखी काही केलं? शेगडीबिगडी पेटवली?"

"कायची पेटवते! ग्यास शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता म्याच बंद केला. अजून बंदच आहे. चाबी माह्यापाशीच राह्यते."

तेवढ्यात जमादार देवरावला घेऊन आला. सदरा भिजलेला, पाय चिखलानं भरलेले. मागोमाग त्याची बायको पंचफुला आली आणि व्हरांड्यात उभी राहिली.

"घरात काही सापडलं?" राठोडांनी विचारलं.

"नाही साहेब. मडकी, गोधड्या, समदं बाहेर काढून पाहिलं."

"पावसात?"

जमादार खाली पाहू लागला.

"देवराव, मूस तू घेतली?"

"नाही."

"मग कोणी घेतली?"

"मले ठाऊक नाही. पर हे पाहा साहेब..." देवरावची नजर कपाटात खिळली होती. "मोरचूद निळा होऊन राह्यला."

राठोडांनी वळून पाहिलं. बशीतल्या भुकटीच्या कडा फिकट निळ्या झाल्या होत्या. मघाशी त्या दुधासारख्या होत्या.

"हे काय आहे?"

"मोरचूदच आहे साहेब. त्याच्यातल्या तांब्याच्या कणाभवती चार पाणी बसते. तांबं त्याईले धरून ठेवते, म्हणून तो निळा दिसते. शेगडीवर तापवला का पाणी सुटते न् पांढरा पडते. मंग हवेतलं पाणी भेटलं का पुन्हा धरते. कपाट कोरडं राहावं म्हणून ठेवतो."

"कधी तापवला?"

"दर सोमवारी तापवतो. पावसापायी या खेपेला शुक्रवारी संध्याकाळीच तापवला."

"हे तुला कोणी शिकवलं?"

देवरावनं सरांकडे पाहिलं. "सरांनी. वर्गाच्या मागं मले उभं राहू देत."

राठोडांनी घड्याळ पाहिलं आणि कपाटासमोर स्टूल ओढलं. पाऊस कौलांवर वाजत होता. बशीतली निळाई मधोमध सरकत गेली. अर्ध्या तासानं पांढरं म्हणून काही उरलं नाही.

"प्राचार्यसाहेब," ते म्हणाले, "मी कपाट उघडलं तेव्हा ही भुकटी कशी होती?"

"पांढरी. मीही पाहिली."

"आज तासाच्या आत ती निळी झाली. सर म्हणतात, शनिवारी कपाट तासभर उघडं होतं. पाऊस तेव्हाही असाच होता. मग शनिवारीच ती निळी व्हायला हवी होती. पुन्हा पांढरी करायची तर शेगडी हवी, आणि गॅस शुक्रवारपासून बंद होता. म्हणजे शनिवारी हे कपाट उघडलंच नाही. वजन झालं नाही. वहीतली नोंद खोटी आहे. मूस त्याआधीच गेली होती, आणि ती रविवारी गेली असं दिसायला हवं होतं. कारण रविवारी देवराव येतो. सर, बशी तुमच्या ध्यानातच नव्हती. असती तरी तुमच्या हिशेबानं ती आठवडाभर जुनी, निळीच असणार होती."

सरांच्या हातून रुमाल खाली पडला.

"मूस कुठं आहे?"

"माझ्या टेबलाच्या खणात." आवाज जेमतेम ऐकू आला. "बुधवारी चुकून शिशाचा क्षार तिच्यात तापवला. शिसं प्लॅटिनमशी मिसळतं. तळाला भोक पडलं. पुढच्या महिन्यात प्राचार्यपदाची मुलाखत आहे. विभागप्रमुखाच्या हातून असं झालं, हे..."

"आणि देवराव?"

"वाटलं, पुरावा नाही म्हणून सुटेल."

"सुटलो असतो सर," देवराव म्हणाला. "पर चोर म्हणूनच जगलो असतो." तो सरांच्या पुढ्यात आला. "तुमी असं काहून केलं? मले सांगतलं असतं, तर म्या म्हटलं असतं, माह्या हातून भोक पडलं."

सर खुर्चीत बसले आणि त्यांनी चेहरा ओंजळीत लपवला. खण उघडून मूस बाहेर काढली गेली तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही. खोट्या फिर्यादीचा जबाब राठोडांनी तिथंच लिहून घेतला.

"देवराव, तुम्ही घरी जा."

देवराव हलला नाही. "साहेब, झडती वस्तीसमोर झाली."

राठोड त्या दोघांसोबत वस्तीत गेले. गोधड्या अजून चिखलातच होत्या. आसपासची माणसं दारात आली. राठोडांनी टोपी काढली आणि मोठ्यानं सांगितलं, "देवराव निर्दोष आहेत. चूक आमची झाली."

पंचफुलानं फुटक्या मडक्याचे तुकडे पदरात गोळा केले.

"आमाले तं पयलेच ठाऊक होतं साहेब," ती म्हणाली. "आता हेच कालेजात जाऊन सांगा."