ह्वासोंगची भिंत, विसरवाडी फाटा

विसरवाडीच्या फाट्यावर ट्रकवाले चहाला थांबतात, तिथेच भूपेंद्रशेठने कोरियाचा किल्ला उभारायला काढला. हसू नका, खरंच. हॉटेलपुढे लोकांनी फोटो काढावेत म्हणून सुवोन शहरातल्या ह्वासोंग किल्ल्याचा दरवाजा, हुबेहूब. खाली घडीव दगड, वर भाजक्या विटा, कमानीपुढे अर्धगोल तट. शत्रू त्या कोंडाळ्यात शिरला की चहूकडून मार. माथ्यावर दुमजली लाकडी छप्पर. मूळ किल्ला राजाने तीन वर्षांच्या आत उठवला. शेठला तीन महिन्यांत हवा होता, म्हणून सिमेंट कमी आणि वाळूच जास्त.

नंदुरबारचा इद्रिस दगडावर अक्षरं कोरायचा, बहुतेक कबरींची. शेठने त्याला मोबाइलवर एक शिळा दाखवली.

"तिथल्या दरवाजावर गवंड्यांची नावं आहेत. भिंत ढासळली की ज्याचं नाव, त्यालाच हुडकून आणायचे दुरुस्तीला. आपल्याकडेही पाहिजे. मराठीत कोर."

"कोणाचं नाव?"

"कोणाचंही. भिंत कुठे पडणार आहे?"

मुकादम चुडामण पुढे सरसावला. "मन्हं टाक ना भो! फोटोमा तरी ऱ्हासू."

इद्रिसने मान हलवली. जिवंत माणसाचं नाव त्याची छिन्नी कोरत नसे. कबरीचं काम करणाऱ्या घरातला तो रिवाज. त्याने बापाचं कोरलं: अकील मिस्त्री. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती बांधून मेला, एकाही भिंतीवर नाव लागलं नाही. इथे तरी लागो.

आठवड्यात नावाशेजारी भेग पडली. बोट जाईल एवढी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ती हातभर बुजलेली होती. चुन्याने. गूळ घालून मळलेला जुन्या पद्धतीचा चुना, त्याचा तो आंबूस वास.

"हाई कोनी करं?" चुडामणने बोट लावून वास घेतला. "आठे तं चुनानी एक गोणी नई शे."

इद्रिस वाकला. सांध्याच्या टोकाला अंगठा दाबून काम संपवलेलं. ठशावर तिरपा व्रण. असा अंगठा त्याने एकाचाच पाहिला होता, आणि अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने कफनात गुंडाळला होता.

मग रोजचंच झालं. दुपारी मजूर लिंबाखाली आडवे झाले की भिंतीमागून थापीचा आवाज. थाप, खरड. थाप, खरड. मध्येच खोकला. जाऊन बघावं तर कोणी नाही, ओला चुना तेवढा. आणि भेग जेवढी बुजायची, तेवढीच पुढे फाटायची.

इद्रिस शेठकडे गेला. "नाव काढतो."

"फुकटात दुरुस्ती होतेय. तुझं काय जातं?"

"बाप जातो माझा. मेल्यावर तरी सुट्टी द्या त्याला."

"रविवारी उद्घाटन आहे. शिळेला हात लावायचा नाही."

"लावणार. काय करायचं ते करा."

गुरुवारी भर उन्हात, मागे थापी वाजत असतानाच, त्याने छिन्नी लावली.

अ गेला. की गेली.

खोकला थांबला.

शेवटचं अक्षर उडालं.

थापी थांबली.

भिंतीमागे कोणीतरी लांब श्वास सोडला. काम आटोपून कमरेवर हात ठेवून उठताना बाप सोडायचा, तसा.

इद्रिस तिथेच बसून रडला आणि हलका होऊन घरी आला. बायकोने ताट वाढलं, त्याच्या हातांकडे पाहिलं.

"पहले हाथ धो के आओ."

"धोए."

"फिर से धोओ."

त्याने साबण लावून तीनदा धुतले. बोटांची टोकं उललेली, चिरांत पांढरं बसलेलं. वर्षानुवर्षं चुना कालवणाऱ्याची असतात तशी. त्याने जन्मात चुन्याला हात लावला नव्हता.

"जल्दी खा लो," बायको म्हणाली. "वापस जाना है ना?"

"कहाँ?"

"अभी घर में घुसते घुसते तुमीच तो बोले. आधी दीवार बाकी है."