माणसांचा रकाना

"हात ठेव, सदा. माग बोलतोय बघ."

चाळीस वर्षं झाली, तरी कारखान्यात माग चालवणाऱ्या चंपाक्काचा हा आवाज सदानंदआजोबांच्या मनातून गेला नव्हता. यंत्रमागांच्या खडखडाटात कान काय कामाचे? लोखंडी चौकटीवर तळवा टेकवून आक्का सांगायची, कुठला धागा आता तुटणार ते! आज ती घरी येणार होती, आणि तिच्यापासून लपवलेली एक गोष्ट आजोबांना सकाळपासून टोचत होती.

नात चैत्राली गावच्या संग्रहालयासाठी तिथल्या कापड-उद्योगाचा तक्ता मांडत होती. हवेत तरंगणारे आकडे बोटाने सरकवता सरकवता ती थबकली.

"आजोबा, कोडंच आहे! आधी कारखाने चाळीस, कामगार आठशे. मग कारखाने नव्वद, कामगार अठराशे. इथवर कळलं. आता कारखाने सहा, कामगार साठ, आणि कापड मात्र तिप्पट! भुतं विणतात की काय?"

आजोबांना हसू आलं नाही.

"उद्योग नवा असतो तेव्हा यंत्रापाशी माणूस लागतोच. म्हणून कारखान्यांबरोबर रोजगार वाढतो. पुढे यंत्रं शहाणी होतात. उत्पादकता (एका माणसाच्या हातून दिवसभरात होणारं काम) वाढते. चार माग सांभाळणारा विणकर शंभर सांभाळतो. अशी महागडी यंत्रं मोठ्यांनाच परवडतात, छोटे कारखाने मिटतात. धागा तुटण्याआधी ओळखणारं यंत्र तर मीच केलं."

"मग या उद्योगावर तुम्ही लिहिलेल्या पुस्तकात कारखाने आहेत, कापड आहे, माणसांचा रकानाच का नाही?"

आजोबांची मान खाली गेली. "घालायला हवा होता. आधी माणसांना नवं काम शिकवायचं, मगच यंत्र आणायचं, असंही करता येतं, बाळा. आम्ही केलं नाही. तुम्ही करा."

तेवढ्यात चंपाक्का काठी टेकत आत आली.

"काय रं सदा, पार वाळलास की! शास्त्रज्ञाला घरात जेवाय घालत न्हाईत व्हय?" मग चैत्रालीला जवळ घेऊन म्हणाली, "लई मायेचा हाय गं तुझा आजा. माझा हात दुखायचा, तर तीन महिनं रोज तळव्याला औषधाची पट्टी बांधायचा."

आजोबांचा चेहरा उतरला. ते उठून आक्कासमोर जमिनीवर बसले.

"आक्का, त्या पट्टीत औषध नव्हतं, मागाची थरथर टिपणाऱ्या तारा होत्या. तुझा तळवा काय ओळखतो, ते मी यंत्राला शिकवत होतो. त्याने तुझं काम जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."