मोकळ्या रस्त्याला साईड

ही घटना खरी आहे.

मी सांगलीत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. जे दिसतं आणि पुन्हा तपासून पाहता येतं, तेवढंच मी मानते. गेल्या मार्गशीर्षात जे घडलं त्यातलं थोडं मी स्वतः तपासलं आहे. बाकीचं माझ्या मावसबहिणीने, उत्कर्षाने, सांगितलं तसं लिहिते. उत्कर्षा खोटं बोलत नाही. लहानपणी मार चुकवायलासुद्धा बोलायची नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती, उन्हं नुकती कलली होती.

जागा जत तालुक्यातली. मोठा रस्ता सोडून तिच्या माहेरच्या गावाकडे एक डांबरी आत जाते. गावाचं नाव लिहीत नाही.

ती डांबरी एका गाडीपुरतीच आहे. समोरून कोणी आलं की दोघांनीही आपल्या बाजूची चाकं डांबरावरून खाली मुरुमात उतरवायची. याला 'चाक खाली घेणं' म्हणतात. सायकलवाल्याने मात्र पुरतंच खाली उतरायचं. असं कुठे लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.

उत्कर्षाला सातवा सरत आला होता. नवरा अर्जुना तिला बाळंतपणासाठी माहेरी सोडायला निघाला होता. मलकापूरला त्याची स्वतःची पिकअप. माणूस तसा हसरा. मोठ्या रस्त्यावर ट्रक दिसला की मुकाट्याने बाजूला होणारा. पण सायकल दिसली की त्याच्या अंगात काहीतरी संचारायचं.

वळून आत येताच समोरून एक म्हातारा आला. सायकलच्या कॅरिअरवर कडब्याची पेंढी. अर्जुनाने खिडकीतून उजवा हात बाहेर काढला, पंजा पालथा केला आणि दोनदा खाली दाबला.

खाली उतर.

म्हातारा उतरतच होता. तरी अर्जुनाने गाडी त्याच्या अंगावर घेतली आणि अगदी जवळून जाताना दारावर बाहेरून जोरात थाप मारली.

धाड!

म्हातारा दचकून सायकलसकट बाभळीत कोसळला.

"आवं, पडला त्यो!"

"पडू दे की. उठंल."

"माणूस हाय त्यो."

"माणूस हाय म्हणूनच तर खाली उतरतंय. म्हस असती तर मीच थांबलो असतो. म्हस शिंग मारती." तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

उत्कर्षाने मागे वळून पाहिलं. म्हातारा काट्यांतून हात सोडवत होता. कोपरापर्यंत रक्त.

माळावर दोन्ही अंगाला पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांचा तो सूं… सूं… आवाज तिला लहानपणापासून ओळखीचा.

मग तो पट्टा आला.

रस्ता सरळ होता. मैलभर काही आडवं नाही. तरीही तिथे दोन्ही बाजूंच्या मुरुमात चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. वर्षानुवर्षं गाड्या खाली उतरल्याशिवाय तशा पडत नाहीत.

"आवं, हितं चाक खाली घेत्यात."

"कुणासाठी?"

"ठावं न्हाई. शाळंला जाताना एष्टी बी खाली घ्यायची. आमी सगळी एका अंगाला कलंडायचो."

"समूर कोण हाय का बघ की."

कोणीच नव्हतं.

"मोकळ्या रस्त्याला साईड देऊ व्हय? लय हुशार गड्या तुमच्या गावची मान्सं!" त्याने ॲक्सिलेटर दाबला.

आणि तेवढ्यात…

पवनचक्क्यांचा आवाज बंद झाला.

पाती फिरत होती. आवाज नव्हता. पिकअपचं इंजिन चालू होतं, पायाखाली थरथरत होतं. त्याचाही आवाज नव्हता.

एकच आवाज येत होता.

खर्र… खर्र…

सायकलची चेन पत्र्याला घासते, तसा.

डांबराच्या मधोमध एक सायकलवाला येत होता. पांढरा सदरा. मागे पोतं. घाई नाही. जवळ येता येता त्याने डावा हात हँडलवरून काढला, पंजा पालथा केला आणि दोनदा खाली दाबला.

चाक खाली घे.

"मला दावतोय?" अर्जुनाच्या मानेची शीर फुगली. "ह्यो सायकलवाला? मला?"

"घ्या की खाली! काय जातंय?"

"त्येच्या बाचा रस्ता हाय काय!"

अखेरच्या क्षणी सायकलवाला बाजूला होईल असं त्याला वाटत होतं. आजवर सगळे होत आले होते.

हा झाला नाही.

हेडलाइट फुटला. हाडं मोडल्याचा आवाज उत्कर्षाला पायांतून आला. काहीतरी बॉनेटवरून टपावर गडगडत गेलं आणि मागे हौद्यात आपटलं. अर्जुनाने करकचून ब्रेक मारला.

पोटात बाळाने जोरात लाथ मारली.

अर्जुना खाली उतरला. मागे गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कोण न्हाई."

"म्हंजी?"

"हौद्यात न्हाई. रस्त्यावर न्हाई. सायकल बी न्हाई."

बॉनेटवरून रक्त मात्र ओघळत होतं. भरपूर.

"आवं, झुडपात बघा की. जित्ता असंल."

"कुणी बघितलं न्हाई. गप बस." त्याने गाडी काढली.

जरा पुढे गेले असतील, नसतील…

खर्र… खर्र…

समोरून. पुन्हा समोरूनच.

तोच सदरा, आता कमरेपर्यंत लाल झालेला. एक खांदा खाली लोंबत होता. जबडा निखळून छातीवर हलत होता. पुढचं चाक वाकलेलं, तरी फिरत होतं. डावा हात उठला. पालथा पंजा. दोनदा.

"अर्जुना!" तिने नवऱ्याला नावाने हाक मारली ती आयुष्यात पहिल्यांदा. "खाली घे!"

त्याने पाय दाबला तो ॲक्सिलेटरवर.

या खेपेला काच तडकली. सायकलवाला सरळ तिच्यापुढे काचेवर येऊन आदळला. त्याचा चेहरा काचेला चिकटला, तिच्या तोंडापासून वीतभरावर. नाक चेपलं होतं. एक डोळा रक्ताने भरला होता. दुसरा तिच्याकडे बघत होता.

त्या डोळ्यात राग नव्हता. पुढच्याने वाट द्यावी म्हणून माणूस थांबतो ना… तसं तो बघत होता.

मग तो खाली घसरत गेला आणि काचेवर एक रुंद लाल पट्टा उरला.

आणि उत्कर्षाच्या लक्षात आलं…

बाळ हलत नव्हतं.

तिने दोन्ही हात पोटावर दाबले. इकडून दाबलं, तिकडून दाबलं. एरवी असं केलं की आतून ढुशी यायची. आता आत पाण्याची पिशवी ठेवल्यासारखं वाटत होतं.

"आवं, पोरगं हालंना. थांबवा गाडी. पोरगं हालंना!"

अर्जुना ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. दात विचकून काहीतरी पुटपुटत होता, शिव्या देत होता. तिने त्याच्या दंडाला धरलं. त्याने कोपर मारलं. तिचा ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं.

खर्र… खर्र…

तिसऱ्यांदा आलं त्याला माणूस म्हणणं कठीण होतं. एकच पाय पेडल मारत होता. दुसरा डांबरावर फरफटत होता. मान मागे कलंडलेली, तोंड आभाळाकडे. तरी तो डावा हात उठला.

उत्कर्षाने नवऱ्याच्या डाव्या मनगटाचा कडाडून चावा घेतला. त्याची पकड सुटली. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग पकडलं आणि अंगाचा सगळा भार टाकून आपल्याकडे ओढलं.

डाव्या अंगाची चाकं डांबरावरून खाली गेली. गाडी कलंडली, मुरुमात खरडत गेली आणि थांबली.

डांबर मोकळं झालं.

त्याच क्षणी बाळ हललं. नुसती लाथ नव्हे… आतून सगळ्या अंगाने ते वळलं. उत्कर्षा रडायलाच लागली.

सायकल सावकाश जवळ आली. अर्जुनाच्या खिडकीच्या बाजूने.

गोष्ट इथेच संपली असती.

पण अर्जुनाने उजवा हात खिडकीबाहेर काढला. का काढला, हे त्याला अजून सांगता येत नाही. सवय असेल, नाहीतर सूड. "मर की एकदाचा!" असं ओरडून त्याने जाणाऱ्या सायकलवाल्याच्या पाठीत थाप मारली.

थाप ऐकू आली.

मग ओली काठी पिळून मोडावी तसा आवाज आला.

खर्र… खर्र… आवाज मागे मागे गेला. पवनचक्क्या पुन्हा सूं सूं करू लागल्या.

अर्जुनाने हात आत घेतला.

हात मनगटाशी संपत होता.

उत्कर्षाच्या माहेरगावचे बिराप्पामामा मोटरसायकलवरून गावाकडेच येत होते, म्हणून अर्जुना वाचला. त्यांनी डोक्याचा पटका सोडून त्याचा हात करकचून बांधला. गाडी मुरुमात उभी असलेली पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "साईड दिली न्हाईसा व्हय?"

"मी दिली, मामा," उत्कर्षा म्हणाली. "ह्यांनी हात घातला."

मामांनी पटक्याची गाठ आणखी आवळली.

पंचनाम्यात अज्ञात वाहनाची धडक म्हणून लिहिलं गेलं. तुटलेला पंजा लोकांनी त्या संध्याकाळी शोधला, दुसऱ्या दिवशीही शोधला. कुत्र्याने नेला असेल, असं ठरलं.

मी गाडी पाहिली ती चौथ्या दिवशी. काचेवरचा डाग ओला होता. अंगाबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं. यात अपवाद आहेत, पण चार दिवस ओलं राहण्याइतके नाहीत. मी काचपट्टीवर थेंब घेतला आणि लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी अखंड होत्या, आत्ताच शिरेतून काढल्यासारख्या. रक्तगट अर्जुनाचा नव्हता. उत्कर्षाचाही नव्हता.

मी मामांना विचारलं, तिथे कोण मेलं होतं?

"कोन बी न्हाई," मामा म्हणाले. "माझ्या आज्ज्याला बी ठावं नव्हतं. त्यो बैलगाडी खाली घ्यायचा, आमी मोटरसायकल घेतो. का, ते कवा कुणी इचारलंच न्हाई."

मुलगी सुखरूप झाली. वजन चांगलं, रंग चांगला. सव्वा महिन्याने उत्कर्षा तिला घेऊन मलकापूरला गेली.

त्यानंतर अर्जुनाचे फोन सुरू झाले.

"ताई, नसल्याला हात दुखतोय."

मी त्याला समजावलं. अवयव गेला तरी मेंदूतली त्याची जागा राहते, बऱ्याच जणांना असं होतं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दुखतंय ते ठीक. पर हाताला वारा लागतोय, ताई. मुठीत काय तरी गोल हाय. रबराचं. हँडलाची मूठ हाय ती."

पुढच्या फोनला म्हणाला, "नागज फाट्याचा गतिरोधक गेला आत्ता. हादरा बसला."

मग भिवघाटाचा उतार. मग विटा. तो ड्रायव्हर. जतहून मलकापूरला येणाऱ्या वाटेवरचा एकेक खड्डा त्याला पाठ.

"आज कृष्णेचा पूल लागला," त्याने सांगितलं, तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. पुलानंतर मलकापूर जवळच.

परवा दिवेलागणीला फोन आला. उत्कर्षाचा.

"ताई, ह्यांचा हात थांबलाय. बोळात वळला म्हणत्यात, अन् ब्रेक दाबून थांबलाय."

"बोळात काय आहे?"

"आपली गाडी. सगळा बोळ अडलाय." तिचा श्वास मोठा होत होता. "ताई, पोरगी हालंना. डोळं उघडं हायत. हालंना."

या सगळ्यावर माझा विश्वास नाही. तरी मी म्हटलं, "गाडी बाजूला घे."

"गाडी आता भावजी चालवत्यात, त्ये घरात न्हाईत. मला कुठं येतीया चालवायला?"

"न्यूट्रल कर. हँडब्रेक सोड. ढकल."

तिने फोन तसाच चालू ठेवला. मी ऐकत होते. दार उघडल्याचा आवाज. तिचं कण्हणं. अर्जुना आत कोणाची तरी माफी मागत होता. मग चाकं गटारीत उतरल्याचा दणका.

मग काहीच नाही…

खर्र… खर्र… खर्र…

फोनच्या अगदी जवळून गेलं ते. लांब लांब गेलं.

आणि बाळ रडलं. मोठ्याने, खणखणीत.

उत्कर्षा फोनवर आली तेव्हा तिला दम लागला होता. बाळ ठीक आहे, दूध पितंय, म्हणाली. अर्जुनाला आता त्या जागी काहीच जाणवत नव्हतं. वारा नाही, मूठ नाही.

मी विचारलं, "तुला दिसलं काही?"

पोरीला थोपटल्याचा आवाज आला.

"पुढं जाताना त्यानं हात वर केला, ताई. साईड दिल्यावर करत्यात की, तसा."

मी म्हटलं, संध्याकाळ होती, उजेड कमी होता, तू घाबरली होतीस.

"नवऱ्याचा हात मला वळखू यायचा न्हाई व्हय?"