खिडकीवरची बाटली

खोटं वाटत असेल त्यानं आमच्या घरी यावं. ती बाटली अजून फडताळात आहे.

१९४४ चा चैत्र. सांगलीकडच्या एका गावात नगरपालिकेचा दवाखाना होता. गावाचं नाव सांगत नाही. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ बाळासो तिथे कंपाउंडर होते. माणूस नियमाचा पक्का आणि काळजाचा दगड. माझ्याच रक्ताचे, तरी मी हेच म्हणेन.

औषध हवं तर बाटली घरून आणायची; डोसाच्या खुणांची कागदी चिठ्ठी तिच्यावर कंपाउंडर चिकटवायचा. औषधाची खिडकी दुपारी बाराला बंद.

पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती, डॉक्टर फिरतीवर. मेंढक्यांच्या वस्तीवरची हरणाबाई आजारी पोराला पाठीशी बांधून आली.

“दादा, बाटली न्हाई. या तांब्यात घाला की.”

“तांब्याला डोसाच्या खुणा हायत व्हय? बाटली आण, जा.”

आत कपाटात रिकाम्या बाटल्यांची रांग होती. बाळासोंना ते ठाऊक होतं.

लढाईचे दिवस, बाटली मिळणार कुठं? पोराला दवाखान्याच्या ओसरीवर निजवून तिनं सगळा बाजार पालथा घातला. बाटली घेऊन धावत आली, तेव्हा बाराचे टोल पडत होते.

“उद्या ये,” म्हणत बाळासोंनी खिडकी लावली.

ती बाटलीनं खिडकी वाजवत राहिली.

टक… टक… टक…

मग आवाज थांबला. पोर ओसरीवरच गेलं. संध्याकाळी तीही गेली, त्याच पटकीनं.

दुसऱ्या दिवशी बाराला त्यांनी खिडकी लावली, आणि…

टक… टक… टक…

उघडली तर कोणी नाही. खिडकीच्या फळीवर हरणाबाईची ती बाटली, रिकामी आणि ओली. त्यांनी ती उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फळीवर.

आठव्या दिवशी त्यांच्या मुलीला, बनूला पटकी झाली. सहा वर्षांची, एकुलती एक. बाळासोंनी कपाटातली एक बाटली औषधानं भरली, बूच घट्ट लावलं आणि घराकडे पळाले.

घरी पोचले तर बाटली रिकामी. बूच जसंच्या तसं.

पुन्हा भरून आणली. पुन्हा रिकामी.

तिसऱ्यांदा नजर न काढता चालले. डोळ्यांदेखत औषध उतरत गेलं… एकेक खूण.

“आबा,” बनू कशीबशी म्हणाली, “तांब्यातनं आना की.”

हा शब्द तिला कोणी शिकवला, हे विचारायलाही ते थांबले नाहीत. तांब्या घेऊन धावले. बाराचे टोल पडत होते. दवाखान्याच्या कुलपात किल्ली फिरली, पण दार हललं नाही.

आतून एक बाई म्हणाली…

“उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी बनूला पुरून ते दवाखान्यात आले. फळीवर हरणाबाईची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. खुणांच्या चिठ्ठीवर बनूचं नाव होतं. अक्षर बाळासोंचं. त्यांनी ते लिहिलं नव्हतं.

तीच ही बाटली. बूच अजून कोणी काढलेलं नाही. फेकली तर ती परत येते, हे आम्हाला माहीत आहे.

आणि आमच्या घरात बाराला कोणी खिडकी लावत नाही.