मथुराबाईची शेवटची बाजू

बांद्याच्या बाजारात सदानंदचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंतच, पण बिघडलेला टेप कानाशी धरून तो दुखणं सांगायचा. गिऱ्हाइकंही त्याला अशी भेटत! एकाने रेडिओ परत आणला; म्हणे, "ह्येच्यात सगळ्यो वाईटच बातम्यो येतत, दुसरो दी!" सदानंदने चहा पाजून तोच रेडिओ पुसून परत दिला.

आरोंद्याच्या कावेरीअक्काची दृष्टी काचबिंदूने गेली, तेव्हा तिच्या टेपवर त्याने युक्ती केली. चालू करायच्या बटणावर लाखेने चिंचोका चिकटवला. कॅसेटच्या पहिल्या बाजूला दोऱ्याचा तुकडा. बोट फिरवलं की अक्काला सगळं कळे. शेजारच्या मथुराबाई, निवृत्त शिक्षिका, पडवीत बसून पुस्तकं वाचून कॅसेटी भरून देत. वाचताना मागे कोंबड्या, पोफळीची झावळी पडल्याचा आवाज, सगळं यायचं. बाजू भरली की त्या अंगठीने टेबलावर दोनदा टकटक करीत. म्हणजे कॅसेट उलट, गोष्ट पुढे आहे. पुस्तक सरलं की टकटक नाही, नुसतं, "संपला गो."

खाडीत हरवलेल्या नावाड्याची गोष्ट अर्ध्यावर असताना मथुराबाई गेल्या. पुस्तक उघडलं तर शेवटची पानं वाळवीने खाल्लेली. दुसरी प्रत कुठे मिळेना. नावाडी परत आला की नाही, एवढंच अक्काला हवं होतं. तिचं जेवण सुटलं. सदानंदने आधीचीच पानं वाचून पाहिली, तर म्हणते, "भाव सांगतंस तसो वाचतंस रे! नावाडी बुडलो काय तांदूळ चडले, कळनाच नाय."

एका दुपारी तो मोपेडवरून सेल घेऊन गेला. फाटकाची कडी काढून हाक मारली, "अक्का, सेल हाडलंय गो!"

अक्काने आधी चहा दिला. मग एक कॅसेट पुढे केली. "मथुरान खणात ठेवल्यान होती. शेवटची. लाव."

सदानंदने पाहिलं. कोरी कॅसेट. वेष्टणावर त्याच्याच दुकानाची चिकटपट्टी, न फाडलेली. सांगायला तोंड उघडलं, पण अक्काचा चेहरा पाहून त्याने मुकाट्याने वेष्टण फाडलं, दोरा चिकटवला, सेल घातले. अक्काने चिंचोका दाबला.

खरखर... मग लांबून मोपेड आली. फाटकाची कडी वाजली.

"अक्का, सेल हाडलंय गो!"

त्याचाच आवाज. आत्ताचा.

"थांब गो अक्का," टेपमधून मथुराबाई म्हणाल्या, "सदा इलो. तेका आदी च्या दी, मगे वाचतंय."

सदानंद उठून टेपच्या झाकणाशी वाकला; कॅसेट फिरत होती. अक्का मात्र देवळात बसल्यासारखी बसली होती. आवाज वाचू लागला, संथ, जराही घाई नाही. वाळवीने खाल्लेलं एकेक पान जणू परत भरून येत होतं. पडवीत उदबत्ती नव्हती, तरी मथुराबाईंच्या सुरंगीच्या गजऱ्याचा वास दाटला. सदानंदला पळावंसं वाटलं, आणि हात जोडावेसेही. त्याने हात जोडले.

"इलो रे," अक्का रडत हसली. "नावाडी परत इलो..."

गोष्ट सरली. पण "संपला गो" आलं नाही.

टक. टक.

"अक्का... आता काय उरला?" सदानंदने विचारलं.

अक्काने दोरा चाचपला, कॅसेट उलटली, चिंचोका दाबला.

खरखर. फाटकाची कडी. मोपेड सुरू झाली, लांब गेली, खाडीकडच्या उताराला लागली... आणि तिचा आवाज मधेच तुटला. त्यापुढे नुसतं पाणी. कितीतरी वेळ पाणी.

सदानंदने मोपेडची किल्ली मुठीत आवळून धरली होती. अक्काने न चाचपता त्याचा हात धरला. "आज हंयच रव."

तो राहिला. सकाळी एसटीने गेला. मोपेड अक्काच्या मांगरात, परसातल्या खोपटात ठेवली, चाकाला साखळी घालून. विकायचा धीर होत नाही, आणि विकणार तरी कुणाला? ती कॅसेट पुन्हा लावली तेव्हा कोरी निघाली. अक्का मात्र पोटभर जेवू लागली.

परवा तो सेल द्यायला गेला, एसटीनेच. चहा पिताना अक्काने कान टवकारले.

"सदा, तुजी गाडी कोण नेता रे? आत्ताच फाटकाभायर पडली."

तो मांगरात धावला. मोपेड जागेवर होती, साखळीही तशीच, चाकावर कोळ्याचं जाळं. त्याने इंजिनावर हात ठेवला.

चटका बसला.