मामाच्या कपाटातलं चांदीचं कुलूप

मंडळी, देवाशपथ सांगतो, यातला एक शब्दही पदरचा नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. मामाची वरची खोली, खिडक्या सताड उघड्या, आणि आम्ही तिघं.

माझा मामा जुनी कुलपं जमवायचा. मुठीएवढी, नखाएवढी, पितळी, लोखंडी. काचेच्या कपाटात सगळी उघडीच टांगलेली, किल्ली शेजारच्या खिळ्याला. कुणी पाहुण्याने कुलूप दाबून मिटवलं की आमचा देवमाणूस मामासुद्धा खवळायचा. "आतली स्प्रिंग म्हातारी असते रे! तुटली की मेलंच ते."

मामा गेला.

चोरांच्या धास्तीने मामीची झोप उडाली. नवऱ्याची तेवढीच आठवण. विमा उतरवावा म्हणून आम्ही किंमत ठरवणाऱ्या एका जाणकाराला बोलावलं. सगळे त्याला भिंगवाले म्हणत.

त्याने एकेक कुलूप भिंगाखाली धरलं आणि नाक मुरडलं.

"वहिनी, सगळा नकली माल. विमा कसला उतरवताय? मीच नेतो भंगारात, तुमच्या डोक्याचा ताप तरी जाईल."

मामीचा चेहरा पडला. "अहो, त्यांनी अख्खा जन्म घातला यात!"

"फसले बिचारे. भोळे होते." तो चक्क हसला.

मामी पाणी आणायला वळली. कपाटाचं दार लावता लावता त्याने सगळ्यात लहान, चांदीचं कुलूप मुठीत घेतलं. खुळखुळू नये म्हणून अंगठ्याने दाबून मिटवलं...

आणि खिशात टाकलं.

मी ओरडणार, एवढ्यात...

खट्.

आवाज कपाटातून आला.

खट्. खट्. खट्.

बंद काचेआड एकेक कुलूप आपसूक मिटत होतं. वरच्या रांगेपासून खाली... खाली...

शेवटचं मिटलं. मग रस्त्यावरचा गलकाही थांबला.

"खिशातलं काढा," मी कसंबसं म्हणालो.

"काय काढू?" म्हणायला त्याने तोंड उघडलं...

ते खाडकन मिटलं. दातांवर दात. दोन्ही हातांनी स्वतःचा जबडा ओढत तो जमिनीवर कोसळला.

डॉक्टरांनी भूलसुद्धा देऊन पाहिली. जबडा तसूभर हलला नाही. आजही त्याला नळीनेच भरवतात.

दुसऱ्या जाणकाराने सगळे नग अस्सल ठरवले. विमा उतरला. त्याने हलक्या हाताने कुलपंही उघडून दिली. भिंगवाल्याच्या खिशातून निघालेलं चांदीचं तेवढं उघडेना. किल्ली आत जाते... फिरत नाही.

गेल्या आठवड्यात भिंगवाल्याची बायको आली. तिने मामीचे पाय धरले. मलाही भरून आलं.

"मामी, तूच सांग ना मामाला. तो कुणावर डूख धरणारा नव्हता गं."

मामी कपाटापुढे उभी राहिली. "अहो, ऐकताय ना? सोडा आता त्याला."

आम्ही श्वास रोखला...

खट्.

मी झडप घालून चांदीचं कुलूप हातात घेतलं. त्याची कडी...

आणखी आत गेली होती.

ती बाई हुंदके देत राहिली. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो, मोठ्याने नाव घ्यायचा धीर होईना.

मामीने काचेवरून हळुवार हात फिरवला.

"नाही म्हणतायत," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मामा गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला गुणगुणताना ऐकलं.