भाल्यांच्या जुवाखाली

चौकट भिंतीवर होती, आतलं चित्र गेलं होतं.

नगरच्या त्या कलादालनात उपनिरीक्षक धनश्री आल्या आणि त्यांनी शटर पुन्हा खाली ओढायला लावलं. वीज नव्हती. आत तिघं अडकले : नामवंत चित्रकार सोपानसर, दहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करणारा अंगद आणि रखवालदार कानिफनाथ.

"बाहेर कोण गेलं?"

"कोनीच न्हाई. आमी आत आलो तवा चित्र हुतं. मी आन् अंगद मागं खुर्च्या आनाया गेल्तो. आलो तर मोकळी चौकट. किल्ली माझ्याच कमरेला हाय."

म्हणजे चित्र आतच होतं.

धनश्रींनी मोबाईलवर त्याचा फोटो पाहिला. खिंडीत कोंडलं गेलेलं रोमन सैन्य शरण आलं होतं आणि एकेक सैनिक दोन भाले रोवून वर तिसरा आडवा बांधलेल्या जुवाखालून, अपमान म्हणून, वाकून चालला होता. सावलीच्या साऱ्या रेघा डावीकडून उजवीकडे उतरत होत्या. खाली कोपऱ्यात सोपानसरांची सही होती.

त्यांनी जबाब घेतले. सरांनी उजव्या हाताने सही केली, अंगदने डाव्या.

"सर, आज काय कार्यक्रम होता?"

"यातलाच एक सैनिक पाहुण्यांसमोर काढून दाखवायचा होता. आता मूळ चित्रच नाही, तर राहिलं."

धनश्री प्रात्यक्षिकासाठी कागद लावून ठेवलेल्या चित्रफलकाकडे वळल्या.

"त्याला हात लावू नका," सर म्हणाले, "कोरे कागद मळतील."

धनश्रींनी चिमटे काढले. चौथ्या कागदाखाली रोमन सैनिक वाकलेले होते.

अंगदने मान खाली घातली.

"उजव्या हाताच्या रेघा सहसा अशा उतरत नाहीत," धनश्री म्हणाल्या. "चित्र अंगदचं, सही तुमची. पाहुण्यांसमोर तुमचा हात उघडा पडला असता. मूळ चित्र गायब झालं की प्रात्यक्षिक रद्द. हे दोघं मागे गेले, तेव्हा तुम्ही इथे एकटे होता. शटर बंद, मग लपवणार कुठे? ज्याला कोणी हात लावणार नाही, त्या तुमच्या फलकावर."

सर शांतपणे खुर्चीत बसले. "माझंच चित्र मी लपवलं. यात गुन्हा कसला?"

"अंगद, इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"यांच्याच घरात राहतो, मॅडम. बाहेर तुला कोण ओळखतं, असं रोज ऐकवायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं."

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या थांबल्या. कानिफनाथने शटर वर केलं. सर अंगदकडे पाहत राहिले. त्याने नजर वळवली नाही.

"चित्र माझं आहे," अंगद म्हणाला. "तक्रार लिहून घ्या, मॅडम."